ओरिजिनल ठेवू की मॉडिफाय करू?

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एकदा चक्कर मारा आणि कंपनीतून निघाली तशीच्या तशी असलेली एक तरी बाईक शोधून दाखवा! कोणी सायलेन्सर बदललाय, कोणी आरसे काढून टाकलेत, कोणी मागचं मडगार्डच कापलंय. नवी गाडी घरी आली की आधी हार-नारळ आणि मग मॉडिफिकेशन, हा आपला नियमच आहे. त्यात कोणाचं काही बिघडतही नाही. अशा लाखो बाईक रस्त्यावर आहेत आणि उद्या आणखी लाखो येतील.

पण समजा, ती गाडी परत कधीच बनणार नसेल तर? तिच्या जातीच्या जगात शंभरच उरल्या असतील तर? आणि तुमच्या हातात पाना असेल तर? तेव्हा तो पाना फिरवायचा की खाली ठेवायचा?

हा प्रश्न अमेरिकेत मसल कारवाल्यांच्या दुनियेत गेली कित्येक वर्षं चालू आहे. तिथे त्यावरून मित्रामित्रांची भांडणं होतात. माझ्यापर्यंत तो आला माझ्या मावसभावामुळे. तो मिशिगनमध्ये डेट्रॉईटजवळ राहतो. दादाने तिथे १९६९ सालची पाँटियाक जीटीओ घेतली आणि मला मेसेज केला, "तू मेकॅनिकलला आहेस ना, मग सांग, हिचं काय करू?" मी त्यानंतर दोन महिने सबमिशन्स सोडून हेच वाचत बसले. जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते.

मसल कार म्हणजे काय रे भाऊ?

फंडा अगदी सोपा आहे. मध्यम आकाराची, साधी, दोन दारांची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं व्ही-८ इंजिन बसवायचं. किंमत मात्र तरुण पोराला परवडेल अशी ठेवायची. झाली मसल कार!

या प्रकाराची खरी सुरुवात बहुतेक लोक १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात. पाँटियाकचा चीफ इंजिनिअर तेव्हा जॉन डीलोरियन होता. (हो, तोच! 'बॅक टू द फ्यूचर' सिनेमातली गाडी ज्याच्या नावाची आहे तो.) जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. डीलोरियनच्या टीमने त्यातून पळवाट काढली. नवीन मॉडेल म्हणून परवानगी मागायचीच नाही, जुन्या टेम्पेस्ट लेमान्स गाडीवर 'ऑप्शन' म्हणून ३८९ घन इंचांचं इंजिन द्यायचं! कंपनीतल्या वरिष्ठांना वाटलं होतं की पाचेक हजार गाड्या खपतील. पहिल्याच वर्षी खपल्या ३२,४५०.

मग सगळेच या शर्यतीत उतरले. शेव्हरोलेची शेव्हेल आणि कॅमॅरो, फोर्डची मस्टँग, डॉजची चार्जर, प्लिमथची बाराकुडा. (डॉज आणि प्लिमथ ही नावं आपल्याला अगदीच परकी नाहीत बरं का! वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास याच नावांच्या गाड्या जुळायला लागल्या होत्या.)

दादाच्या जीटीओत ४०० घन इंचांचं इंजिन आहे, म्हणजे साधारण ६,५५५ सीसी. आपल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं होतं. म्हणजे आठ मारुतींची इंजिनं एका बोनेटखाली! कंपनीच्या कागदावर ताकद ३५० हॉर्सपॉवर. अर्थात तेव्हाचा आकडा 'ग्रॉस' असायचा. फॅन, एअर क्लीनर, सायलेन्सर वगैरे सगळं काढून इंजिन टेबलावर ठेवून मोजलेला. १९७२ पासून तिकडच्या कंपन्या 'नेट' आकडा द्यायला लागल्या आणि कागदावरची ताकद एकदम खाली आली.

ही मजा फार वर्षं टिकली नाही. इन्शुरन्सचे हप्ते वाढले, १९७० चा क्लीन एअर ॲक्ट आला, १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि खेळ खल्लास. या गाड्या मग सेकंड हँड बाजारात स्वस्तात पडून राहिल्या. कॉलेजच्या पोरांनी घेतल्या, कापल्या, रंगवल्या, ड्रॅग रेसमध्ये पळवल्या, ठोकल्या. तेव्हा कोणाला माहीत होतं की यांचं पुढे सोनं होणार आहे!

दोन पंथ

आज या गाड्यांच्या मालकांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत.

पहिला पंथ म्हणतो, गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच पाहिजे. तोच रंग, तेच इंजिन, तोच कार्बुरेटर, एवढंच काय, नटावर कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने केलेली खूणसुद्धा तीच! यात गंमत अशी की साठच्या दशकात डेट्रॉईटचं काम काही फार सुबक नव्हतं. रंगाचे ओघळ असायचे, दारांच्या फटी कमी-जास्त असायच्या. त्यामुळे खरे कट्टर लोक गाडी नव्याने दुरुस्त करताना त्या चुकाही जशाच्या तशा करतात. गाडी जास्त गुळगुळीत झाली तर परीक्षक मार्क कापतात. आपल्या जर्नलमध्ये खाडाखोड नसली की सर विचारतात ना, "कुठून कॉपी केलंस?" तसंच काहीसं.

याच पंथात आणखी एक उपशाखा आहे, 'सर्व्हायव्हर'वाल्यांची. त्यांचं म्हणणं, दुरुस्तीही नको. पन्नास वर्षांपूर्वीचा फिकट झालेला रंग आणि सीटवरची चीर हाच तिचा इतिहास. इंग्रजीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, त्याचा अर्थ असा की गाडी ओरिजिनल एकदाच असते. पुन्हा रंगवता हवी तितक्या वेळा येईल, पण पहिला रंग परत आणता येणार नाही.

दुसरा पंथ आहे 'रेस्टोमॉड'वाल्यांचा. रेस्टोरेशन अधिक मॉडिफिकेशन. बाहेरून १९६९ ची गाडी, आतून आजची. जुनं इंजिन काढून जनरल मोटर्सचं एलएस३ बसवायचं. ६.२ लिटर, फ्युएल इंजेक्शन, ४३० हॉर्सपॉवर, आणि थेट खोक्यात पॅक होऊन मिळतं. सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एसी, सगळं. डॉजवाल्यांनी २०१७ मध्ये ७०७ हॉर्सपॉवरचं सुपरचार्ज्ड इंजिन असंच खोक्यातून विकायला काढलं. चिप फूजसारख्या डिझायनरने टीव्हीवर 'ओव्हरहॉलिन' या कार्यक्रमातून २००४ पासून हे काम घराघरात नेलं.

डेट्रॉईटजवळ वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. साठच्या दशकात पोरं तिथे रात्री शर्यती लावायची. १९९५ पासून तिथे दर ऑगस्टमध्ये 'ड्रीम क्रूझ' भरते. दादा सांगतो, तिथे हे दोन्ही पंथ शेजारी शेजारी गाड्या लावून, खुर्च्या टाकून बसतात आणि एकमेकांच्या बोनेटखाली डोकावून मान हलवतात. एकाची मान कौतुकाने आणि दुसऱ्याची हळहळीने!

ओरिजिनल ओळखायची कशी?

हा भाग मला सगळ्यात भारी वाटला, कारण हे चक्क गुप्तहेराचं काम आहे.

तिकडचा परवलीचा शब्द म्हणजे 'नंबर्स मॅचिंग'. आपल्या आरसी बुकवर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो ना, तसंच. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत चेसिस नंबर पुढच्या काचेतून दिसेल असा लावणं सक्तीचं झालं आणि त्याच सुमारास त्या नंबराचा शेवटचा भाग इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकायला लागले. दोन्ही जुळले की समजायचं, हे इंजिन याच गाडीबरोबर जन्माला आलंय.

पण एवढ्यावर भागत नाही. ब्लॉक ओतला त्याची तारीखही कास्टिंगवर असते. ती गाडी बनल्याच्या तारखेच्या आधीची हवी. इंजिन मार्चमध्ये ओतलेलं आणि गाडी जानेवारीत बनलेली, असं कसं चालेल? काही महाभाग जुना नंबर घासून नवा ठोकतात. शेव्हरोलेच्या इंजिनात तेही पकडता येतं. नंबर ज्या सपाट जागेवर असतो तिथे कारखान्यातल्या ब्रोचिंग मशीनच्या बारीक समांतर रेघा असतात. जागा घासली की रेघा गेल्या आणि चोरी उघडी पडली! (प्रॉडक्शनच्या पेपरला ब्रोचिंग ऑप्शनला टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मग कागदपत्रं. क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये कारखान्यातली 'बिल्ड शीट' कधी कधी सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेली सापडते. फोर्डसाठी 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. १९६७ पासूनच्या गाडीचा नंबर कळवला की ती कोणत्या रंगात, कोणत्या ऑप्शन्सह बनली ते समजतं. पाँटियाकसाठी 'पीएचएस' म्हणजे पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस आहे.

हे सगळं कशासाठी? कारण नकला जोरात असतात. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, त्यामुळे ती पटकन ओळखता येते. पण १९६९ ते १९७१ च्या शेव्हेलच्या नंबरावरून ती महागडी 'एसएस' आहे की साधी मालिबू, हे कळतच नाही. एसएस हा तेव्हा नुसता ऑप्शन होता. चार बिल्ले आणि दोन पट्टे चिकटवले की साधी गाडी एसएस 'दिसते'. मालकाने प्रामाणिकपणे सांगितलं तर तिला 'क्लोन' किंवा 'ट्रिब्यूट' म्हणतात. नाही सांगितलं तर फसवणूक.

इंजिनिअरची बाजू

आता दुसऱ्या पंथाची बाजूही नीट ऐकूया, कारण ती नुसती हौस नाही.

दादाच्या गाडीला चारही चाकांना साडेनऊ इंचांचे ड्रम ब्रेक होते. त्या वर्षी जीटीओवर स्टँडर्ड हेच यायचे. वहिनीने एकदा चालवून पाहिली आणि सरळ सांगून टाकलं, "ह्या गाडीत माझी मुलं बसणार नाहीत." मुलं सहा आणि तीन वर्षांची. वहिनीचं म्हणणं बरोबर आहे की ती उगाच घाबरतेय, हे गणिताने बघू.

माणसं धरून गाडीचं वजन सुमारे १,७०० किलो. वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा, अर्धा एम व्ही स्क्वेअर, निघते साधारण साडेसहा लाख जूल. एकदा कचकन ब्रेक मारला की यातली बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. साडेसहा लाख जूल म्हणजे दोन लिटर नळाचं पाणी उकळायला लागेल इतकी उष्णता! आणि ती काही सेकंदांत. लगेच दुसऱ्यांदा ब्रेक मारला की त्यात आणखी भर.

ड्रम हा बंद डबा, त्यामुळे उष्णता आतच कोंडते. लोखंडी ड्रम तापला की फुगतो, त्याचा व्यास वाढतो, म्हणजे तो ब्रेक शूपासून लांब जातो. पेडल जास्त खाली दाबावं लागतं. त्यात लायनिंग तापलं की घर्षण कमी होतं. ड्रम ब्रेकमध्ये शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप जास्त आवळला जातो, त्यामुळे घर्षण थोडं घसरलं तरी पकड बरीच घसरते. यालाच 'ब्रेक फेड' म्हणतात. डिस्क ब्रेकमध्ये चकती उघड्या हवेत असते आणि तापून जाड झाली तर पॅडच्या जवळच येते. म्हणून तिथे हा त्रास कितीतरी कमी.

१९६७ मॉडेलच्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत तर मास्टर सिलिंडरला एकच सर्किट असायचं. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले! त्या गाडीला "ओरिजिनलच ठेवा" म्हणणारा माणूस स्वतः ती घाटातून उतरवणार आहे का, हे आधी विचारावं.

इंधनाचाही प्रश्न आहे. या इंजिनांचं कॉम्प्रेशन जास्त, दादाच्या गाडीचं १०.७५ ला १. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याने नॉकिंगही थांबायचं आणि व्हॉल्व्हच्या बैठकांची झीजही कमी व्हायची. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं. म्हणजे गाडी खरंच चालवायची असेल तर हेड खोलून कडक धातूच्या सीट बसवायच्या, नाहीतर जपून चालवायची. ओरिजिनल गाडीला ओरिजिनल जग कुठून आणायचं?

पैशाचं गणित

मग किंमत कशाला जास्त मिळते? याचं उत्तर सरसकट देता येत नाही. गाडी कोणती आहे त्यावर ते ठरतं.

एका टोकाला आहे १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल. ४२६ घन इंचांचं हेमी इंजिन असलेल्या या उघड्या टपाच्या गाड्या जेमतेम डझनभर बनल्या. त्यातली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. किंवा १९६९ ची कॅमॅरो झेडएल१. अॅल्युमिनियमचं ४२७ इंजिन आणि एकूण गाड्या फक्त ६९. अशा गाडीचं इंजिन काढून आजचं बसवणं म्हणजे अस्सल पैठणी कापून उशीचे अभ्रे शिवणं! अभ्रे सुंदर होतील, पण पैठणी गेली ती गेली.

दुसऱ्या टोकाला त्याच काळातली साधी, सहा सिलिंडरची मस्टँग. ती लाखांनी बनली. तिच्यात व्ही-८ टाकला म्हणून इतिहासाचं काही बिघडत नाही.

मधल्या गाड्यांचीच खरी पंचाईत. दादाची १९६९ ची जीटीओ त्यातलीच. त्या वर्षी सुमारे ७२ हजार जीटीओ बनल्या, म्हणजे ती काही दुर्मिळ नाही. पण तीच गाडी 'जज' ऑप्शन आणि कन्व्हर्टिबल असती तर त्या फक्त १०८ होत्या. एका ऑप्शनने उत्तर बदलतं बघा!

उत्तम रेस्टोमॉडला लिलावात चांगला भाव येतो हे खरं आहे. काही वेळा तशाच ओरिजिनल गाडीपेक्षाही जास्त येतो. पण त्यावर झालेला खर्च बहुतेक वेळा वसूल होत नाही. शिवाय फॅशन बदलते. ऐंशीच्या दशकात लोकांनी हौसेने केलेले रंग आज काढून टाकायला पैसे मोजावे लागतात. तुमची आवड तुमच्यासाठी अमूल्य असेल, पण पुढचा गिऱ्हाईक तिची किंमत शून्य धरू शकतो.

उलटी गंमत

इथपर्यंत वाचून वाटेल की हात लावला की किंमत घसरली. पण थांबा!

पेन्सिल्व्हेनियातल्या डॉन येन्को नावाच्या डीलरने १९६७ च्या सुमारास नव्या कॅमॅरोंची इंजिनं काढून त्यात मोठी ४२७ इंजिनं बसवून विकली. कॅरोल शेल्बीने १९६५ मध्ये मस्टँग घेऊन तिची जीटी३५० बनवली. ही मॉडिफिकेशन्सच ना? आणि आज या गाड्या साध्या कॅमॅरो-मस्टँगपेक्षा कितीतरी महाग आहेत. तेव्हा केलेला बदल आज 'ओरिजिनल' ठरलाय.

आणि सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९६८ च्या 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवर उडवलेली हिरवी मस्टँग. शूटिंगसाठी तिचे बिल्ले काढले, चाकं बदलली, कॅमेरा आणि दिवे लावण्यासाठी जोडकाम आणि भोकंही केली. १९७४ मध्ये एका कुटुंबाने ती ६ हजार डॉलरला घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून ती परत मागितली, तरी त्यांनी दिली नाही. रंगवली नाही, चकचकीत केली नाही. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती कमिशन धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. गंजासकट आणि भोकांसकट! कोणी शहाण्याने "कंपनीसारखी करू" म्हणून ती भोकं बुजवली असती तर?

म्हणजे किमतीचा संबंध नुसता 'कारखान्यातून आली तशी' असण्याशी नाही. त्या गाडीवर जे खरंखुरं घडलं, त्याचा पुरावा शिल्लक आहे का, याच्याशी तो आहे. मला या सगळ्या वाचनातून मिळालेली ही सगळ्यात मोठी गोष्ट.

मग दादाने काय केलं?

दादाने गाडी घेतली ती शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडून. त्यांच्या नवऱ्याने ती १९६९ मध्ये शोरूममधून नवी घेतली होती. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं बिस्किटाच्या डब्यात जपलेली. पीएचएसचे कागद मागवले, इंजिनाचे नंबर जुळले. बाईंनी एकच विनंती केली, "कव्हर घालून ठेवू नका. ते दर रविवारी चालवायचे."

म्हणजे पेच बघा. पहिल्या पंथाचं ऐकावं तर ब्रेक तसेच आणि मुलं गाडीत बसणार नाहीत. दुसऱ्याचं ऐकावं तर पन्नासहून जास्त वर्षं त्या बोनेटखाली राहिलेलं इंजिन बाहेर. आणि दोघांचं राहू दे म्हणून नुसती झाकून ठेवावी तर बाईंना दिलेला शब्द मोडला.

मी त्याला चार प्रश्न लिहून पाठवले. तुम्हालाही कधी उपयोगी पडतील म्हणून इथे देते.

एक, ही गाडी किती दुर्मिळ आहे? गाड्या जितक्या कमी, तितके हात लांब.

दोन, हिच्यात अजून ओरिजिनल काय काय उरलंय? इंजिन आधीच बदललेलं असेल तर तुम्ही जे वाचवताय ते गेलेलंच आहे. खुशाल रेस्टोमॉड करा.

तीन, मी करतोय तो बदल परत फिरवता येईल का? नट-बोल्टने बसणारी गोष्ट उद्या काढता येते. कटर आणि वेल्डिंग लागलं की परतीचा रस्ता बंद.

चार, हा बदल जिवासाठी आहे की दिखाव्यासाठी?

दादाच्या गाडीची उत्तरं अशी आली. दुर्मिळ नाही, पण फार कमी गाड्या इतक्या अस्पर्श उरल्यात. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि रंगाला हात लावायचा नाही. ब्रेक जिवाचा प्रश्न आहे, म्हणून बदलायचे. त्याने पुढे डिस्क बसवल्या, त्याही जुन्याच भोकांवर बसणाऱ्या. १९६९ मध्ये पुढचे डिस्क ब्रेक जीटीओवर ऑप्शन म्हणून मिळतच होते, त्यामुळे गाडीच्या स्वभावालाही धरून झालं. रेडियल टायर घातले, पट्टे नवे लावले. इग्निशनचे पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली लपणारं इलेक्ट्रॉनिक युनिट टाकलं, जे बाहेरून दिसतही नाही. आणि काढलेला प्रत्येक भाग, अगदी ड्रमचे स्प्रिंगसुद्धा, चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला. खोकं गाडीच्या कागदपत्रांसारखंच गाडीबरोबर जाणार. पुढच्या मालकाला वाटलं तर एका वीकेंडमध्ये गाडी पुन्हा १९६९ ची!

वहिनीने रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये स्वतः चार-पाच वेळा कचकचून ब्रेक मारून पाहिले आणि मगच मुलांना मागे बसवलं. गाडी आता रविवारी बाहेर पडते.

ज्यांना पूर्ण रेस्टोमॉडच हवी आहे त्यांच्यासाठीही वाट आहे. डायनाकॉर्न नावाची कंपनी १९६९ ची कॅमॅरो आणि त्या काळातली मस्टँग यांच्या कोऱ्या करकरीत लोखंडी बॉडी बनवते. त्यात हवं ते इंजिन घाला, हवं ते कापा! एकाही जुन्या गाडीचा बळी न देता हौस भागते. मग उरलेल्या खऱ्या गाड्यांवरच कटर का चालवायचा?

हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झालाय. पाँटियाक हा ब्रँडच २०१० मध्ये बंद झाला. डिसेंबर २०२३ मध्ये डॉज चॅलेंजर आणि शेव्हरोले कॅमॅरो या दोघींचं उत्पादन थांबलं. २०२४ मध्ये आलेली नवी डॉज चार्जर तर आधी इलेक्ट्रिकमध्येच आली. कार्बुरेटर कसा ट्यून करतात हे हाताने माहीत असलेली माणसं म्हातारी होत चाललीयत. आपल्या अभ्यासक्रमात कार्बुरेटर हा एक प्रश्न आहे, आठ मार्कांचा, आकृतीसह. ज्या गाडीत तो अजून श्वास घेतोय ती गाडी म्हणजे चालतंबोलतं पुस्तक आहे.

आपण इंजिनिअर. प्रत्येक वस्तू बघितली की "हे अजून चांगलं करता येईल" असं आपल्याला वाटणारच, तेच तर शिकवतात आपल्याला! पण ज्या माणसांनी स्लाइड रूल घेऊन, कॉम्प्युटरशिवाय हे इंजिन काढलं, त्यांनी कुठे काय विचार केला आणि कुठे ते अडखळले, हे त्या लोखंडातच लिहिलेलं आहे. ते आधी वाचायला हवं. मग पाना उचला, जरूर उचला. फक्त जे काढाल ते फेकू नका, चिठ्ठी लावून जपून ठेवा. तुमच्यानंतर येणाऱ्यालाही ते वाचायचं असेल.